मुलांच्या युक्तिवादाची तपासणी

बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी

मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे यांस



सहावी, सातवी आणि आठवी या तीन इयत्तांतील मुले मराठीच्या तासाला जे वैचारिक निबंध लिहितात, त्यांची तपासणी आपल्या राज्यातील शाळांत ज्या रीतीने होते ती रीत बदलावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र आपणांस जाहीरपणे लिहीत आहे. खाजगी अर्जाने हे काम होण्यासारखे असते, तर मी तसा अर्ज केला असता. परंतु ज्या हजारो शिक्षकांच्या हातून ही तपासणी होते, ज्या पालकांच्या घरी त्या वह्या परत जातात आणि ज्या कचेऱ्यांच्या दप्तरी त्या तपासणीचे आकडे अखेर जाऊन पडतात, त्या सर्वांनी हा विषय एकत्र वाचावा, अशी इच्छा असल्यामुळे खुल्या पत्राचा मार्ग पत्करला आहे. मराठी शिकविण्यात उमेदीचा काळ घालविलेल्या आणि परभणी-जिंतूर रस्त्यावरील या गावी आता निवृत्तीत राहणाऱ्या एका शिक्षकाचे हे निवेदन आहे, एवढा परिचय पुरेसा व्हावा.

ज्या लेखनाचा हेतू वाचणाऱ्याचे मत वळविणे हा आहे, त्याची परीक्षा ते मत वळविण्यास समर्थ आहे की नाही या प्रश्नापासून सुरू झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. आज ती तेथे सुरू होत नाही, आणि बहुधा तेथवर पोहोचतही नाही. अक्षर कसे आहे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळले आहेत की नाही, प्रारंभी सुभाषित आणि मध्ये एखादी म्हण आली आहे की नाही, समासाची रेघ आखली आहे की नाही, एवढे पाहून होते तोच पुढची वही हाती घ्यावी लागते, आणि खाली 'छान' किंवा 'अक्षर सुधार' असा शेरा पडतो. मुलाने जे मत मांडले ते तपासणाऱ्यास पटले का, न पटले तर कोठे अडले, याचा एक शब्दही त्या वहीत सापडत नाही.

कोणत्याही शिक्षकाच्या गठ्ठ्यात सापडतील अशा दोन वह्यांची कल्पना करावी. पहिलीत 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध आहे. अक्षर वळणदार, भाषा प्रमाण, परिच्छेद समप्रमाण. विज्ञानाचे लाभ एका परिच्छेदात, हानी दुसऱ्यात, आणि सर्व काही मनुष्याच्या उपयोगावर अवलंबून आहे असा निष्कर्ष तिसऱ्यात. बाजारात मिळणाऱ्या गाईडमधून तो जवळजवळ अक्षरशः उतरला आहे. पण तो मुलाने स्वतः लिहिला असता तरी माझा आक्षेप कायम राहिला असता, कारण त्यात कोणाचेही मत वळवायचे नव्हते आणि समोर कोणी ऐकणाराही नव्हता. दुसऱ्या वहीत सातवीतल्या एका मुलीने सकाळची बस आपल्या गावच्या फाट्यावर का थांबली पाहिजे, हे लिहिले आहे. ती म्हणते की, अहिल्याबाई होळकर योजनेतून आम्हा मुलींना मोफत पास मिळाला, म्हणजे आम्ही शाळेत जावे हे सरकारास मान्य आहे. मग जी गाडी थांबतच नाही, तिच्यासाठी दिलेल्या पासाचा अर्थ काय? गाडी भरून येते आणि थांबली तर पुढे उशीर होतो, ही वाहकाची हरकत तिने स्वतःच नोंदविली आहे, आणि गाडी दहा मिनिटे आधी सोडली तर ती हरकत उरत नाही, असे उत्तरही दिले आहे. फाट्यावर ताटकळण्याला कंटाळून घरी बसलेल्या एका मैत्रिणीचा दाखला तिने दिला आहे. मात्र 'लेकरायला' आणि 'कामून' असे शब्द निबंधात जागोजागी आले आहेत, वेलांट्या चुकल्या आहेत आणि निबंध एका पृष्ठावर संपला आहे.

रूढ पद्धतीने पहिल्या वहीस अ-१ आणि दुसरीस फार तर ब-२ श्रेणी पडेल, हे आपल्या क्षेत्रातील कोणीही मान्य करील. आमच्या भागात जिनिंगच्या फाटकावर कापसाची गाडी उभी राहिली की जाणता खरेदीदार वरचा पांढरा थर पाहून भाव बोलत नाही. तो हात आत खुपसून मूठभर कापूस काढतो आणि बोटांत धागा ओढून त्याची लांबी अजमावतो. निबंधाचा धागा म्हणजे त्यातील युक्तिवाद होय. तो ओढून पाहण्याची सवय आम्हा शिक्षकांस कोणी लावलीच नाही.

वयाने लहान असलेल्या मुलांना युक्तिवाद कोठून साधणार, अशी शंका अधिकारी मंडळींकडून पुष्कळदा ऐकू येते. तिचे उत्तर आपल्या भाषेच्या इतिहासातच नमूद आहे. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ मध्ये अहमदनगरास सुरू केलेल्या 'ज्ञानोदय' पत्राच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत छापून आला. तो लिहिणारी मुक्ता ही मांग समाजातील मुलगी, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी, चौदा वर्षांच्या आसपासची, म्हणजे आपल्या हिशेबाने आठवी-नववीची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू व्हावयास त्या वेळी जवळजवळ एकोणीस वर्षांचा अवकाश होता. मराठी निबंधाची शैली जिला म्हणावी ती अजून घडावयाची होती. आणि तरीही या मुलीने जे लिहिले, ते आज कोणत्याही न्यायालयात वाचून दाखवावे इतके सुसंगत आहे.

तिची रीत पाहावी. वेद ही केवळ आमची मत्ता, इतरांनी त्यांकडे पाहू नये, हा प्रतिपक्षाचा दावा ती प्रथम खोडीत नाही. तो जसाच्या तसा पत्करते, आणि त्यातूनच असा निष्कर्ष काढते की, मग आम्हांस धर्मपुस्तक नाही, आणि ज्यांना धर्मपुस्तक नाही त्यांचा धर्म कोणता, हे सांगण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यांवर येते. त्यानंतर ती पुरावा देते, आणि तो मोघम नाही: पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या अस्पृश्याची काय गत होत असे, हे ती गुलटेकडीच्या मैदानाचे नाव घेऊन सांगते. ज्या दुःखाची वाच्यता पुरुष लेखकांच्या हातून झाली नव्हती, ते म्हणजे डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे दुःख, ती उघड्यावर मांडते. आणि अखेरीस ती केवळ प्रतिपक्षाशी बोलत न राहता स्वतःच्या समाजाकडे वळते आणि शिकण्याचे आवाहन करते. दावा, त्याची छाननी, प्रत्यक्षाचा आधार, दोन वेगवेगळ्या श्रोत्यांचे भान आणि शेवटी कृतीची मागणी, हे सर्व त्या एका लेखनात आहे.

आता प्रामाणिकपणे विचारावे की, हाच निबंध आज एखाद्या आठवीच्या वहीत आला, तर आपली प्रचलित तपासपद्धती त्यास काय देईल? विषय भावनेच्या भरात मांडला, एका बाजूनेच लिहिले, समारोपात संतुलन नाही, असे शेरे मला तरी स्पष्ट दिसतात. मुक्तेच्या सुदैवाने तिच्या निबंधाला श्रेणी देणारा परीक्षक मिळाला नाही. त्यास छापणारा संपादक मिळाला आणि वाचणारे लोक मिळाले. या भेदाचा विचार आपल्या परिषदेने करावा, हीच माझ्या पत्राची मुख्य मागणी आहे.

आमच्या मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर या गोष्टीला आणखी एक पदर आहे. निजामी अंमलात वस्तानिया, म्हणजे माध्यमिक, शाळेत जाणाऱ्या मराठी मुलास शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे. स्वतःच्या भाषेत चार माणसांपुढे मत मांडावयाचे तर गश्ती निशाण त्रेपन्न आडवे येई, कारण त्या फर्मानानुसार पूर्वपरवानगीखेरीज जाहीर सभा भरविण्यास बंदी होती. १९३७ मध्ये तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील परतूर येथे निजामी राज्यातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा त्या पिढीने जी खटपट केली, तिच्या मुळाशी आपल्या भाषेत आपले म्हणणे राज्यकर्त्यांपुढे मांडण्याचा हक्क हाच होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपल्यावर तो हक्क मिळाला. ज्या मुलखात वडीलधाऱ्यांना बोलण्याची मुभा अशी झगडून मिळवावी लागली, तेथील नातवंडांच्या निबंधातून मत हा पदार्थच हद्दपार व्हावा, याचे मला मनापासून दुःख होते.

तपासणीची दिशा बदलावयाची तर निकष कोणते धरावेत, हा प्रश्न साहजिकच उभा राहील, आणि त्यासाठी परदेशी तक्ते मागविण्याची गरज नाही. न्यायशास्त्राने वाक्याचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. मुलाचे म्हणणे नेमके काय आहे, ते त्याने कोणत्या कारणावर उभे केले आहे, त्या कारणाला डोळ्यांनी पाहिलेला आधार आहे का, तो आधार प्रस्तुत प्रसंगास लागू पडतो का, आणि शेवटचे मागणे त्यातून खरोखर निघते का, हे पाच प्रश्न सातवीच्या मुलासही समजतात आणि ते विचारण्यास शिक्षकास फार वेळ लागत नाही. याच परंपरेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्वपक्ष म्हणून प्रामाणिकपणे मांडण्याचा दंडक आहे; बसविषयी लिहिणाऱ्या त्या मुलीने वाहकाची हरकत नोंदवून तो नकळत पाळला. मात्र या पाच प्रश्नांचे पाच रकाने करून प्रत्येकास दोन गुण ठेवण्याचा मोह टाळावा, अशी माझी कळकळीची सूचना आहे. रकाना छापला की मुले रकान्यासाठी लिहू लागतात. गाईडवाले पुढच्याच वर्षी पूर्वपक्षाचा एक तयार परिच्छेद विकू लागतील, आणि आपण होतो तेथेच येऊ.

निकष असले तरी दोन शिक्षक एकच गुण देतील का? न देण्याचीच शक्यता अधिक, आणि तिला भिण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९६१ मध्ये पॉल डीडरिच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांचे ३०० निबंध शिक्षक, वकील, संपादक, व्यवसायचालक अशा निरनिराळ्या पेशांतील ५३ वाचकांकडून नऊ श्रेणींत लावून घेतले, तेव्हा शंभरांपैकी चौऱ्याण्णव निबंधांस किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. पुढे त्यांनी तपासून पाहिले तर वाचकांचे गट पडलेले आढळले: कोणी विचारावर जीव ठेवीत होते, कोणी व्याकरण आणि लेखनदोषांवर, कोणी मांडणीवर, कोणी शब्दकळेवर, तर कोणी लेखकाच्या व्यक्तित्वाच्या छटेवर. आपल्याही शिक्षकांत हेच गट आहेत. फरक इतकाच की, आपण एकमेकांस ते कधी सांगत नाही.

म्हणून केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक शिक्षण परिषदेत, जेथे आज बहुतेक वेळ माहिती भरण्याच्या सूचनांत जातो, एखाद्या महिन्यास दोन-तीन निबंधांच्या प्रती काढून सर्व शिक्षकांनी त्या स्वतंत्रपणे वाचाव्यात, आपापली श्रेणी कागदावर लिहावी आणि मग ती का दिली याची चर्चा करावी. एकमत होणे हे त्या बैठकीचे साध्य नसावे. आपण कोणत्या गोष्टीला वजन देतो, हे आपले आपल्यालाच कळणे पुष्कळ आहे. जिंतूर तालुक्यात तांडे पुष्कळ आहेत. तेथील मुलांच्या घरी बंजारा बोली चालते, आणि कित्येक मुसलमान घरांतून दखनी. एखाद्या शिक्षकाने अशा मुलाच्या निबंधातील लिंग-वचनाच्या चुका लाल शाईने भरून काढल्या आणि दुसऱ्याने त्याच निबंधातील युक्तिवाद मोठ्याने वाचून दाखविला, तर पहिल्याच्या मनात जो विचार सुरू होईल, तो कोणत्याही परिपत्रकाने सुरू होणार नाही. शुद्धलेखनाविषयी माझी अनास्था आहे असा अर्थ कोणी घेऊ नये. निबंध अधिकाऱ्याकडे किंवा ग्रामपंचायतीकडे पाठविण्यापूर्वी तो शुद्ध असावा, हे मुलाला पटते, कारण त्याला स्वतःचे म्हणणे ऐकले जावे असे वाटत असते. मात्र ही दुरुस्ती युक्तिवादाच्या तपासणीनंतर आणि तिच्यापासून वेगळी व्हावी.

एक अवघड प्रसंग मुद्दाम मांडतो. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातील कुटुंबे ऊसतोडीला निघतात. समजा, सहावीतल्या मुलाने लिहिले की, मी आईवडिलांबरोबर फडावर गेलेच पाहिजे, कारण धाकट्या बहिणीला सांभाळायला तेथे दुसरे कोणी नाही, म्हातारी आजी घरी एकटी दोघांचे करू शकत नाही, आणि माझ्यावाचून आईची मजुरी बुडते. हे मत शिक्षकास मान्य नसणार, आणि नसावेच. पण मान्य नाही म्हणून श्रेणी उतरविणे हा अन्याय आहे, आणि मान्य नसताना नुसते 'छान' लिहिणे ही त्याहून मोठी उपेक्षा आहे. त्या वहीत शिक्षकाने प्रतिवाद लिहावा: तुझे पहिले कारण खरे आहे, दुसरेही, परंतु स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिचा विचार तुझ्या निबंधात नाही, ती विचारात घेतली तर तुझे मत टिकते का, ते लिही. मुलाचे उत्तर कदाचित असे येईल की, वसतिगृहात मला घेतील, दोन वर्षांच्या बहिणीला घेणार नाहीत. तसे उत्तर आले, तर त्या मुलाने आपणा सर्वांच्या योजनेतील एक उणीव दाखवून दिली आहे, आणि ते म्हणणे वहीत न राहता वरिष्ठांपर्यंत गेले पाहिजे.

यासाठी नवा कायदा नको, नवी तरतूदही नको. २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले, तेव्हा सहावीस निम्मे आणि सातवी-आठवीस शंभरांपैकी चाळीस गुण आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनाकडे सोपविले गेले, आणि वर्णनात्मक नोंदींची मुभा दिली गेली. मूल्यमापनाच्या इतिहासात इतका मोकळा अवकाश शिक्षकास क्वचितच मिळाला असेल. त्याचे पुढे काय झाले, हे आपण जाणता: वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या निघाल्या, आणि एकच वाक्य गावोगावच्या मुलांच्या नावापुढे उतरू लागले. त्यात शिक्षकांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती आणि नियतकालिक चाचण्यांचे गुण चॅटबॉटवर चढविण्याचे काम यांतून जो वेळ उरतो, त्यात चाळीस निबंधांना चाळीस प्रतिवाद लिहिणे अशक्य आहे. म्हणून प्रत्येक सत्रात मत मांडणारा निबंध एकच असावा, पण तो दोनदा लिहिला जावा: एकदा शिक्षकाच्या उत्तरापूर्वी, एकदा त्यानंतर, आणि श्रेणी दुसऱ्या लेखनास मिळावी. बाकीच्या निबंधांची संख्या तेवढी कमी करावी.

हे तपासणीचे ओझे यंत्रावर सोपविण्याची भाषा आता ऐकू येऊ लागली आहे. पूर्वी माणसांनी दिलेल्या गुणांवरून जे यंत्र गुण द्यावयास शिकते, ते वळणदार पण पोकळ निबंधास अ-१ देण्याचीच परंपरा अधिक वेगाने चालवील. आणि मुलाच्या म्हणण्याने ज्याचे मत बदलू शकत नाही, त्याच्यापुढे पटवून देण्याचा अभ्यास करणे मला विसंगत वाटते.

२०२३-२४ पासून पाचवी-आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे, दहावीच्या कृतिपत्रिकेत लेखनकौशल्यास आठ गुण आहेत, आणि तेथे वैचारिक लेखन हा केवळ एक पर्याय असल्यामुळे मुले आत्मकथनाची सोपी वाट धरतात, अशी अडचण काही मुख्याध्यापक पुढे करतील. ती खरी आहे. परंतु आठवीपर्यंतच्या वर्गांत परीक्षेच्या बाहेरचा जवळजवळ निम्मा भाग आपल्या हाती असताना तो परीक्षेच्या नावाने सोडून देणे योग्य नव्हे.

आता प्रत्यक्ष मागणी. आपल्या परिषदेचे 'जीवन शिक्षण' हे मासिक शाळाशाळांतून जाते. त्याच्या प्रत्येक अंकात सहावी ते आठवीच्या एका मुलाचा किंवा मुलीचा मत मांडणारा निबंध, बोलीसह आणि दोषांसह, छापावा. त्याखाली दोन शिक्षकांनी परस्परांशी चर्चा न करता केलेले मूल्यमापन, ते एकमेकांशी जुळत नसले तरी, द्यावे. आणि निबंध ज्यास उद्देशून आहे, मग तो सरपंच असो, आगारप्रमुख असो, शाळा व्यवस्थापन समिती असो वा आपण स्वतः असा, त्याचे उत्तर त्यानंतर यावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल, फक्त ते कारणांसह असावे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी या निबंधांची निवड करावी, आणि निवडीत शहरी शाळा आणि इंग्रजी माध्यमाची मुले यांच्याबरोबर तांड्यांवरची, वस्त्यांवरच्या शाळांतून आलेली आणि ऊसतोडीवरून परतलेली मुले असतील याची खबरदारी घ्यावी. ही तजवीज येत्या शैक्षणिक वर्षापासून मंजूर झाल्यास आमच्या केंद्रातील शाळांचे निबंध गोळा करून परभणीच्या जिल्हा संस्थेकडे पोहोचविण्याचे आणि पहिल्या वर्षी मूल्यमापन करणाऱ्या दोघांपैकी एक होण्याचे काम विनावेतन पत्करावयास मी तयार आहे. परिषदेने ही सूचना नामंजूर केल्यास नामंजुरीची कारणे याच मासिकातून प्रसिद्ध करावीत. त्यांना उत्तर लिहिण्याची संधी सातवीच्या मुलांनाही मिळेल.



आपला,
बोरी येथील एक निवृत्त मराठी शिक्षक